छबूची कवळी

माझे दात गंगेला गेले हे मला छबूच्या तेरवीच्या दिवशी कळलं.

छबू म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर ती आजारी पडली आणि गेली. त्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही, म्हणून दातांबद्दल लिहितो.

तेरवीला दारात मांडव होता. सोयऱ्यांनी दुखवट्याचे टॉवेल आणि टोप्या आणल्या होत्या. आमच्याकडं प्रत्येक सोयरा आपली टोपी स्वतःच्या हातानं घालतो, आधीची काढत नाही. माझ्या डोक्यावर टोपीवर टोपी चढत गेली आणि मान हलवली की सगळी चळत हलायला लागली. मग पंगत बसली. पहिला गोड घास मला छबूच्या भावानं, भुजंगानं, भरवायचा होता. भुजंग राणीसावरगावचा. माहेरचा माणूस म्हणून त्याचा मान.

त्यानं बुंदी उचलली, माझ्या तोंडाकडं नेली आणि थांबला.

"दाजी, दात कुठायत?"

इतके दिवस मला दातांची गरजच पडली नव्हती. ताकातल्या कण्यांवर भागत होतं, त्याही सून राजनंदिनी समोर बसून राहायची म्हणून खात होतो. कवळी लावायची आठवणच झाली नव्हती.

"आत हायत, डब्यात," मी म्हणालो.

"मंग लावा की. बुंदी काय गिळायची चीज हाय?"

मी टोप्या सांभाळत आत गेलो.

आमच्या आतल्या खोलीत देवळी आहे, तिच्यात दोन स्टीलचे डबे असतात. त्यांचं आधी सांगायला पाहिजे. माझी आणि छबूची कवळी गंगाखेडच्या एकाच डॉक्टरीणबाईनं केली आणि एकाच दिवशी आमच्या हातात दिली. परत येताना छबूनं भांड्याच्या दुकानातून झाकणाचे दोन डबे घेतले, एक मोठा आणि एक लहान. अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर नावं घालायला सांगितली. दुकानदारानं काही न विचारता मोठ्यावर 'दत्तराव' घातलं आणि लहानावर 'छबूबाई'. घरी येऊन बघतो तर छबूची कवळी तिच्या डब्यात मावेना, झाकण वरच राहायचं. माझी मोठ्या डब्यात खुळखुळ वाजायची. छबूचं तोंड माझ्यापेक्षा मोठं होतं. हे गावाला आधीपासून माहीत होतं, डॉक्टरीणबाईनं फक्त माप घेतलं.

मग आम्ही डबे बदलले. तिची कवळी माझ्या नावाच्या डब्यात आणि माझी तिच्या नावाच्या. "फुडल्या बाजाराला नावं बदलून आणू," छबू म्हणाली होती. ते राहिलं ते राहिलंच.

तर मी लहान डबा उघडला. तो रिकामा होता, धुऊन पुसून ठेवलेला. मोठा उघडला. त्यात छबूची कवळी होती.

बाहेर भुजंग पंगतीला गंगाखेडचं सांगत होता; गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. "अक्काचे दात म्या सोताच्या हातानं गंगेला सोडले. राखेसंगट मिश्रीची डबी सोडली, चष्मा सोडला. मनलं दात ऱ्हायले तर तिकडं भाकर कशी खाईल? देवळीतला डबा हुडकला, नाव वाचलं, दात पंचाच्या टोकाला बांधले. डबा तेवढा देवळीतच ठिवला. स्टीलचा हाय."

पंगत म्हणाली, लय चांगलं केलं.

मी तिथंच उभा राहिलो. बाहेर जाऊन खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला दिसत होतं. भुजंग हातातली बुंदी तशीच टाकून उठला असता, हा दुसरा जोड उचलला असता आणि चप्पल न घालता गंगाखेडची गाडी धरली असती. बहिणीच्या बाबतीत तो असाच आहे. छबूची लुगडी तिच्या भावजयांनी वाटून घेतली होती, रीतीप्रमाणं. चष्मा गेला, मिश्री गेली. तिचं म्हणून घरात एवढंच उरलं होतं, तेही एका भांडेवाल्याच्या चुकीनं.

मी छबूचे दात माझ्या तोंडात घातले.

बाहेर येऊन बसलो. भुजंगानं घास पुढं केला. मी तोंड उघडलं तशी वरची कवळी सुटली आणि भुजंगाच्या बोटांवर बसली.

"दाजी, चावायलाव की मला," तो हळूच म्हणाला.

मी त्याची बोटं सोडली. लोकांनी पत्रावळीकडं बघितलं. माणूस दुःखात आहे म्हणून कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून छबूचे दात माझे म्हणून चालवणं हे माझं काम झालं. ते सोपं नव्हतं. सैल कवळीचं एक असतं, तिला आपल्या आधी बोलायचं असतं. मी 'या, बसा' म्हणायला तोंड उघडलं की आधी ती टक् करायची, मग माझा शब्द यायचा. भेटायला येणारे टेकले की विचारायचे, "एकदम कसं झालं हो?" मी सांगायला लागलो की खालची कवळी जिभेवर चढायची आणि वरची तिला भेटायला यायची. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याचे दात थंडीनं वाजायलेत. एकानं तर अंगावरची शाल काढून मला पांघरली आणि परत मागायला त्याला लाज वाटली. ती अजून माझ्याकडं आहे.

हळूहळू जिभेला शेंडा वर लावून बोलायची सवय केली. बरेच शब्द जमायला लागले. छबूचं नाव मात्र जमेना. 'छ' म्हटलं की वरची कवळी सुटायची, आणि 'बू' म्हणताना ओठ मिटले की परत जागेवर यायची. तिच्याच दातांनी तिचं नाव असं अर्ध्यावर सोडायचं आणि अर्ध्यावर पकडायचं. मी रानात एकटा असलो की म्हणून बघायचो. छ. टक्. बू. बैल माझ्याकडं बघायचे.

राजनंदिनी हुशार आहे, पण तिनं वेगळाच अर्थ लावला. ती एक दिवस गोपीचंदला सांगत होती. गोपीचंद म्हणजे माझा मुलगा.

"मामांच्या हिरड्या वाळल्या. आत्याबाईच्या दुःखानं. माणूस आतून झुरायलाय न् वरून सांगत न्हाई."

"दादा, खरंच का?" गोपीचंदनं मोबाईलवरून मान वर करून विचारलं.

मी मान हलवली. मान हलवण्यात धोका कमी होता. तेव्हापासून घरात रोज मऊ खिचडी व्हायला लागली. खिचडी मला आवडत नाही. छबू असती तर तिनं एका मिनिटात ओळखलं असतं की हिरड्याबिरड्या काही नाही, माणूस काहीतरी लपवायलाय. पण मग छबू असती तर तिचे दात माझ्या तोंडात कशाला असते.

मधे मी बाभळीचा डिंक लावून पाहिला. बांधावर बाभळ आहे. डिंक कोमट पाण्यात भिजवला, कवळीला आतून चोपडला आणि दाबून बसवली. बसली. अशी बसली की दुसऱ्या दिवशीही निघेना. गोपीचंदनं ओढून पाहिलं. राजनंदिनी तेलाची वाटी घेऊन आली, मग गरम पाणी घेऊन आली. शेजारच्या तानुबाई बघायला आल्या. छबूच्या त्या मैत्रीण.

"बैलाला वेसण घालताना बी यवढा तमाशा होत न्हाई," त्या म्हणाल्या.

मला उत्तर देता येत नव्हतं. ओठ उघडत होते, पण वरचा डिंक ओघळून खालच्या कवळीला लागला होता आणि दोन्ही कवळ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. संध्याकाळी गरम पाण्याच्या गुळण्या करून करून सुटल्या. पहिला शब्द मी तानुबाईंच्या नावानं काढला, तो इथं लिहीत नाही.

त्या डिंकानंतर राजनंदिनीनं ऐकलं नाही. मला गाडीत घालून गंगाखेडला घेऊन गेली, त्याच डॉक्टरीणबाईकडं. निकिता मॅडम त्यांचं नाव. वयानं आमच्या राजनंदिनीएवढ्या.

"मॅडम, यांच्या हिरड्या वाळल्यात," राजनंदिनी म्हणाली. "दुःखानं."

मी तिला म्हणालो, "पोरी, तू जरा भाजीपाला बघून ये." ती गेली. जाताना म्हणाली, "मामा, डिंकाचं सांगा त्यांना. लपवू नका."

निकिता मॅडमनी कवळी बाहेर काढली, उजेडात धरली, परत घातली, माझी हनुवटी धरून इकडं तिकडं हलवली आणि कवळी पुन्हा काढून घेतली.

"आजोबा, हिरड्या वाळून एवढा फरक पडत नाही. ही तुमची नाहीच."

मी दाराकडं बघितलं, राजनंदिनी आली तर नाही ना.

"दोघांच्या मी बरोबरच केल्या होत्या. ही आजींची आहे. आजींनी माप देताना सगळा वेळ बोलणं चालू ठेवलं होतं, मला दोनदा घ्यावं लागलं होतं. कशा आहेत त्या?"

मी सांगितलं. त्या हातातली कवळी धरून उभ्या राहिल्या. मग मी बाकीचंही सांगितलं, डब्यांचं, भुजंगाचं, गंगेचं. त्यांनी तोंडावरचा मास्क वर ओढला. हसत होत्या की काय ते मला समजलं नाही. डोळे तर ओले दिसले.

"असं करू," त्या म्हणाल्या. "ही तुम्हाला बसवून देता येईल. आतून थोडी घासायची आणि तुमच्या जबड्याचं माप घेऊन आत नवीन थर भरायचा. मग हलणार नाही."

"आतून घासायची म्हंजे काय जाईल?"

त्यांनी कवळी उलटी केली. आतला भाग गुलाबी, टाळूच्या आकाराचा. पुढच्या बाजूला बारीक आडव्या रेघा होत्या, वाळूवरून पाणी गेल्यावर राहतात तशा. मी त्या कधी बघितल्या नव्हत्या, डिंक चोपडतानाही नाही. कवळी आतून कोण बघतं?

"या रेघा आजींच्या टाळूच्या आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. थर भरला की त्या जातील आणि तुमच्या येतील."

मी हात पुढं केला. त्यांनी कवळी माझ्या हातात दिली.

"माझ्या येऊन काय करायच्यात," मी म्हणालो.

"मग नवीन करा तुमची. ही ठेवा तशीच."

हे मी आधीच मनात चालवून पाहिलं होतं. नवीन केली की गोपीचंद विचारणार, जुनीला काय झालं. मग एकातून एक निघणार आणि शेवटी राणीसावरगावला फोन जाणार. मी म्हणालो, सध्या नको. त्यांनी एक चिकटवायची पावडर दिली आणि बजावलं की फार गरम आणि फार चिवट काही खाऊ नका. राजनंदिनी मेथी घेऊन परत आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "काळजी करू नका, होतील बरे." त्यांनी मला सांभाळून घेतलं. चांगल्या बाई आहेत.

पावडरीनं बरं चाललं. 'छ' म्हटलं तरी कवळी जागेवर राहायची. मला ते थोडं चुकल्यासारखंच वाटायचं.

मग भुजंगाचा फोन आला. "दाजी, हुरडा आलाय. परवा या समदे."

भुजंग दरसाल बहिणीला हुरड्याला बोलवायचा. त्याच्या रानातली ज्वारी या भागात नाव घेण्यासारखी आहे. छबूला त्या हुरड्याचं वेड होतं. कणसं भाजायच्या आगटीजवळ पहिली बसायची आणि शेवटची उठायची. मी फोनवर म्हणालो, "या वर्षी नको." तो म्हणाला, "अक्का न्हाई मनून तुमी बी न्हाई व्हय? मंग मला कोण ऱ्हायलं?" मी हो म्हणालो. आणि गेलो नसतो तर तो हुरडा घेऊन इकडं आला असता.

मी जाताना पावडर जास्त लावली.

रानात गेल्यावर गोपीचंद आणि राजनंदिनी बांधावरच्या बोरी झोडपायला गेले. आगटीजवळ मी आणि भुजंगच. त्यानं निखाऱ्यात कणसं खुपसली, भाजली, तळहातावर चोळली, फुंकून माझ्या पुढ्यात हिरवे दाणे टाकले. बाजूला शेंगदाण्याची चटणी, गूळ. मी चार दाणे घेतले. गरम होते, आणि चिवट होते. दोन्ही गोष्टी डॉक्टरीणबाईनं नको म्हणून सांगितल्या होत्या.

"खा की दाजी. चिमणीवानी काय टिपायलाव?"

मूठभर तोंडात टाकले. एक दाणा लगेच वरच्या कवळीखाली गेला. सैल कवळीखाली हुरड्याचा दाणा म्हणजे बुटात खडा, फक्त बूट झटकता येतो. मी जिभेनं त्याला काढायला गेलो तर दुसरा आत गेला. डोळ्यात पाणी आलं.

भुजंगानं ते बघितलं आणि त्याचेही भरले. "मला बी आठवण यायलीय," तो म्हणाला.

मी जिभेनं दाणा उकरत राहिलो. बोलता येत नव्हतं.

"मागल्या साली इथंच बसली होती," तो म्हणाला. "तुमी तिकडं बैलाला पाणी दाखवायला गेलते. ती बोलाया लागली. लेकाचं, सुनंचं, कंडक्टरचं, सगळ्या गावाचं. म्या ऐकत बसलो. हिकडं आगटीत कणसाचा पार कोळसा. मंग तिनं एक कोळसा उचलला, माझ्या म्होरं धरला न् मनली, भुजंग्या, पन्नाशी उलटली तुझी, तुला हुरडा भाजता येत न्हाई. तुझ्या बायकोचं कसं व्हायचं."

मला हसू आलं. छबू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो, आणि तोंड पूर्ण उघडून हसलो. वरची कवळी सुटली, गुडघ्यावर आपटली आणि सरळ आगटीत गेली.

"आरं छबूचे दात जळायलेत," मी ओरडलो.

भुजंगानं काडीनं निखारे उकरले. कवळी बाहेर ढकलली, मातीत लोळवली, तांब्यातलं पाणी ओतलं. चर्र झालं. एका कडेची दाढ काळी पडली होती, बाकी वाचली होती. त्यानं ती पंचात धरून उचलली, माझ्याकडं देत होता आणि मधेच थांबला.

"कुणाचे मनलाव?"

मी खालची कवळीही काढून हातात घेतली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दाणे तर काढायचेच होते.

"छबूचे," मी म्हणालो.

"मंग म्या गंगेला कुणाचे सोडले?"

"माझे."

भुजंग खाली बसला. "म्हंजे तुमचे दात तुमी जित्तेपणीच गंगेला पोचवले?"

"म्या न्हाई. तू पोचवले."

"नाव होतं की डब्यावर."

मी त्याला डब्यांचं सांगितलं. तो ऐकत होता आणि मधेमधे कवळीकडं बघत होता. ऐकून झाल्यावर त्यानं आगटीत काडी फिरवत विचारलं.

"अक्काला तुमचे दात बसतील का?"

"घट्ट व्हतील."

"तोंड उघडंल?"

"जरासं. भाकरीपुरतं."

"बोलता यील?"

"न्हाई यायचं."

"अक्का न् गप," भुजंग म्हणाला. तो हसायला लागला. मीही हसलो, माझ्या तोंडात तर एकही दात नव्हता. मग त्याचं हसणं बदललं आणि तो पंचा तोंडाला लावून रडला. त्या पंचात कवळी होती, ती त्याच्या गालाला टोचत असणार, पण त्यानं काढली नाही.

मग डोळे पुसून उठला. "चला. हे उद्याच्याला पहिल्या गाडीनं गंगेला. मी जातो. ती तिकडं मुकी बसलीय न् आपून हितं हुरडा खायलाव."

"मी देत न्हाई," मी म्हणालो.

"दाजी, माहेरचा मान हाय माझा."

"मान घे. दात न्हाई."

"तुमाला बसत न्हाईत, कामाचे न्हाईत, आगीत पाडायलाव. कशाला पायजेत?"

मला ओठांतून नीट बोलता येत नव्हतं, तरी बोललो. "तिची लुगडी गेली. चष्मा तू सोडला, मिश्री तू सोडली. माझ्याकडं काय ठिवलं तुमी लोकांनी? सकाळी ती चूळ भरून कवळी धुवायची, डब्याचं झाकण वाजायचं, तव्हा मला जाग यायची. आता कोंबड्यानं येती. कोंबडा काय कुणाचा बी असतो. ते उलटं करून बघ. आतून."

त्यानं चष्मा लावला आणि कवळी उलटी करून उन्हात धरली.

"रेघा हायत."

"तिच्या टाळूच्या हायत. डॉक्टरीणबाईनं दाखवल्या. आपल्यातलं कुणी कधी बघितलं असंल का तिचं टाळू?"

"यवढं बोलायची, तरी न्हाई बघितलं," भुजंग म्हणाला. त्यानं अंगठा रेघांवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग कवळी चटणीच्या वाटीशेजारी ठेवली, माझ्या बाजूला.

"मंग ती कवर गप बसंल?"

"मी जाईन तव्हा घिऊन जातो. तिचे तिला देतो, माझे माझे घेतो. तिथंच बदलून घेऊ."

"आन् तुमी जाताल तव्हा ध्यानात कोण ठिवंल? तुमी तर मेलेले असताल."

हे खरं होतं. मी विचार केला. "गोपीचंद बी तुझ्यासारखं नाव वाचूनच उचलंल. मोठ्या डब्यावर माझं नाव हाय न् आत तिचे दात. तो ते गंगेला सोडंल. बराबर तिला पोचतील."

भुजंगानं बोटांवर हे दोनदा मांडून पाहिलं. मग मान हलवली. "न्हाई. एक डाव नावावर भरवसा ठिवून फसलो. तुमी नावं बदलून घ्या न् गोपीचंदला तोंडानं सांगा. कबूल?"

"कबूल."

"आन् नवे दात करा. असं बोळकं घिऊन हुरड्याला येत जाऊ नका, माझी इज्जत जाती."

तेवढ्यात गोपीचंद आणि राजनंदिनी बोरं घेऊन आले. राजनंदिनीनं काळी पडलेली दाढ बघितली आणि भुजंगाकडं बघितलं.

"हसताना पडली आगटीत," भुजंग म्हणाला. "नवीच करा मनलं मी. ही काय कामाची ऱ्हायली न्हाई."

"मी तर कवापासून मनायलेय," राजनंदिनी म्हणाली. "पर मामा हसले का?"

त्यानंतर मी गंगाखेडला जाऊन माप दिलं. नवी कवळी आता झाली आहे. हलत नाही, वाजत नाही. राजनंदिनीनं खिचडी बंद केली. छबूची कवळी मी मोठ्या डब्यात ठेवली आहे. रोज सकाळी तिचं पाणी बदलतो आणि झाकण लावतो. झाकण वाजतं, पण तेव्हा मी आधीच जागा असतो.

नवी कवळी आणायला गेलो त्या दिवशी पिशवीत दोन्ही डबे नेले होते. भुजंगाला शब्द दिला होता. भांड्याचं दुकान तेच, माणूसही तोच, फक्त केस पिकलेले. मी डबे काढून ठेवले आणि नावं बदलायची आहेत म्हणून सांगितलं. त्यानं सुईचं यंत्र हातात घेतलं.

"जुनं नाव पुसता येत न्हाई, बाबा," तो म्हणाला. "स्टीलवरलं हाय. त्याच्यावर आडवी रेघ मारू न् बाजूला दुसरं टाकू."

"रेघ कुणावर?"

"दोन्हीवर. ह्या 'दत्तराव'वर एक, न् ह्या 'छबूबाई'वर एक. बाई, चालतंय का?" त्यानं सवयीनं माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, छबूच्या नावावर रेघ नको. तो म्हणाला, मग एकट्या तुमच्यावर मारतो. मी म्हणालो, मग दोन्ही डबे छबूचे होतील. तो म्हणाला, हो, तसं होईल. आम्ही दोघं डब्यांकडं बघत राहिलो. मग त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलं, लग्नाचा रुखवत घ्यायला आलेलं, मोठं. मी डबे पिशवीत घातले आणि स्टँडवर आलो.

भुजंगाचा परवा फोन आला होता. विचारत होता, झालं का. मी म्हणालो, कवळी झाली.

नावं बदलायची राहिली आहेत, आणि गोपीचंदला सांगायचंही राहिलं आहे.